मदत हवी आहे: पीअर टू पीअर सर्चमधे 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मीच पानं येतात

नमस्कार मंडळी, आम्ही १४ जण जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन जमवतोय, ओसीआर केलेला (स्कॅनमधून संगणकाने वाचून काढलेला) मजकूर ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर पडलाय, सर्व्हरचं भाडं भरायला कोणी तयार नाही म्हणून मी पायथनमधे कॅडेमलिया (मधला सर्व्हर न ठेवता माहिती सगळ्यांच्या संगणकांवर वाटून ठेवायची पीअर टू पीअर पद्धत) घेऊन बसलो. शब्दाचा हॅश (शब्दावरून गणिताने काढलेला आकडा) काढायचा आणि तो शब्द कुठल्या अंकात कुठल्या पानावर आहे ती यादी त्या हॅशच्या जवळचा क्रमांक असलेल्या नोडवर (नेटवर्कातल्या लॅपटॉपवर) ठेवायची. 'करंजी' टाकलं की बरोब्बर येतं, 'करंज्या' टाकलं की वेगळंच, एक अक्षर बदललं की हॅश भलतीकडेच, ते एक वेळ समजू शकतो. पण 'दुसऱ्या'ची निम्मी पानं गायब! दोन तास डोकं आपटून कोड पॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) छापले तर एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि वर न दिसणारा, अक्षरं जोडणारा झेडडब्ल्यूजे. एनएफसी (समतुल्य अक्षरं एकाच रूपात आणायची युनिकोडची पद्धत) करून झालं, ढिम्म. शिवाय 'दिवाळी फराळ' असे दोन शब्द एकत्र शोधायचे तर दोन्ही याद्या अख्ख्या ओढाव्या लागतात, आणि दिवाळी अंकात 'दिवाळी' कुठे नसणार! काय करू?

प्रतिसाद १
एनएफसीने जाणारच नाही, युनिकोडच्या लेखी ते दोन समतुल्य नाहीतच. इंडेक्स करताना आणि शोधतानाही र + हलन्त + झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ + हलन्त करा. ॲ आणि अ + ॅ चंही तेच.
पण मुळात १४ लॅपटॉपना डीएचटी (कॅडेमलियासारखी हॅशवरून वाटून ठेवलेली यादी) कशाला? कॅडेमलियाच्या २००२च्या पेपरात के २० धरलाय, म्हणजे एक यादी २० नोडवर. तुमच्याकडे नोडच १४, प्रत्येक यादी सगळ्यांकडे जातेय. मोठ्या नेटवर्कात अख्ख्या यादीऐवजी ब्लूम फिल्टर (यादीत काय असू शकतं याचा छोटा सारांश) पाठवतात, पण तुम्ही सरळ प्रत्येकाकडे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस५ (मजकूर शोधायची सोय) टाका आणि प्रश्न सगळ्यांना विचारा. ग्नुटेला हे जुनं फाइल शेअरिंग नेटवर्क असंच करायचं, हजारोंत गेल्यावर दमलं, १४ला काही होत नाही. फक्त एफटीएस५च्या युनिकोड६१ टोकनायझरला (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला) कॅटेगरीजमधे एमएन आणि एमसीही (काना-मात्रा ज्यात येतात ते युनिकोडचे गट) द्या, नाहीतर काना-मात्रेपाशी शब्द तुटतात.

धागाकर्ता
आई शप्पथ, कॉन्फिगमधे के २०च आहे. तीन वीकएंड गेले माझे. 'दुसऱ्या' आता पूर्ण सापडतंय, धन्यवाद. 'करंज्या' टाकल्यावर 'करंजी' यावी यासाठी मराठीचा बरा स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा प्रोग्राम) कोणी वापरलाय का? मी प्रत्यय छाटून बघितले तर 'बाजूला'चं 'बाजू' झालं ते ठीक, पण 'शाळेला'चं 'शाळे' होऊन बसलंय.