फ्रेंच-जपानी महागड्या जेवणाचे अनुभव सांगा (उपाशी परत आलेल्यांनीसुद्धा)

पुढच्या महिन्यात लग्नाला ३० वर्षं होतायत. लेक टोकियोत असते, निशी-कासाईला, आम्ही तिच्याकडे चाललोय आणि तिने परस्पर एका फ्रेंच-जपानी हॉटेलात आमचं टेबल बुक करून टाकलंय. बारा कोर्सेस. किती पैसे पडले विचारलं तर "आई तू विचारूच नकोस". नवरा म्हणतो बारा वेळा एकेक घास आणून ठेवण्यापेक्षा एकदाच काय ते वाढा म्हणावं. मी उत्सुक आहे पण धाकधूकही आहे. तर ज्यांनी असलं काही खाल्लंय त्यांनी लिहा प्लीज, काय आवडलं, कुठे फजिती झाली, पोट भरलं का. आम्ही मासे-चिकन खातो, बीफ नाही.

सिडनीची_सुरमई

माझा अनुभव तेत्सुयाजचा, सिडनीत केंट स्ट्रीटवरच्या फ्रेंच-जपानी हॉटेलाचा. आता तुम्हाला जाता येणार नाही कारण २०२४ च्या जुलैत ते बंद झालं, पस्तीस वर्षं चालून. बंद होणार कळल्यावर आम्ही धावत बुकिंग केलं, सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्यांनाही नेलं. तिथला ओशन ट्राउट जगप्रसिद्ध, टास्मानियाचा मासा तेलात अगदी मंद आचेवर शिजवतात, वरून कोंबूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा थर. केशरी रंग जसाच्या तसा राहतो. सासूबाईंनी काट्याने टोचून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हे कच्चंच आणलंय, परत कर." आमच्याकडे मासा म्हणजे रवा लावून कडक तळलेला, त्यामुळे त्यांचंही चूक नाही. मी म्हटलं एक घास घ्या मग बोला. घेतला. मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत आणि शेवटी माझ्या प्लेटमधला थोडा उचलला.

गंमत म्हणजे हा तेत्सुया वाकुदा १९८२ मध्ये बाविसाव्या वर्षी जपानातून सिडनीला आला तेव्हा त्याला फ्रेंच स्वयंपाक येतच नव्हता, सुशी करायला म्हणून एका ऑस्ट्रेलियन शेफने ठेवला आणि फ्रेंच पद्धत तो तिथे शिकला. म्हणजे फ्रान्स लागलंच नाही यात!

वरणभात_वाली

शुद्ध शाकाहारी असाल तर सावधान. सिंगापूरमधलं ठिकाण (नाव घेत नाही), बुकिंग करताना व्हेज लिहिलं होतं, तरी तिसऱ्या कोर्सला मऊ कस्टर्डसारखं काहीतरी आलं, वास ओळखीचा वाटेना. विचारलं तर मुलगा आत गेला आणि चेहरा पाडून बाहेर आला. दाशी होती. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं सूपसारखं पाणी, कोंबू आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेला मासा लाकडासारखा किसून घालतात. त्यांच्या लेखी तो मासा नाहीच, चव आहे नुसती. आता मी लिहितानाच लिहिते की मासा नको, माशाचं पाणीही नको, कोंबू आणि शिताके मशरूमची दाशी चालेल. हे लिहिलं की छान करून देतात.

पॅरिसात_पोहे

आम्ही पॅरिसच्या केई नावाच्या हॉटेलात गेलो होतो, लूव्ह्रपासून चालत जाता येतं. केई कोबायाशी हा फ्रान्समध्ये तीन मिशलाँ स्टार (हॉटेलांना मिळणारा सर्वोच्च दर्जा) मिळवणारा पहिला जपानी शेफ, २०२० साली. त्याची भाज्यांची बाग म्हणून एक डिश आहे, कच्च्या कुरकुरीत भाज्या, फुलं, खाली स्मोक्ड सामन, वर लिंबाचा पांढरा फेस, इतकी सुंदर की हात लावायला जीव होईना. आणि वेटर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणतो, आता सगळं एकत्र कालवा. कालवा!! नवरा म्हणाला म्हणजे भेळच की. आणि खरंच, प्रत्येक घासाला वेगळं काहीतरी लागतं, कधी आंबट कधी कुरकुरीत. बिल मात्र भेळेचं नव्हतं.

भुकेला_भाऊ

नऊ कोर्स झाले आणि बाहेर पडून रात्री साडेअकराला मसाला डोसा खाल्ला. एवढंच सांगायचंय.

सिंकसमोर_उभा

भाऊ, ब्रेड का नाही मागितलात? बहुतेक ठिकाणी परत देतात.

मी अशाच एका किचनमध्ये कामाला आहे (शहर सांगत नाही, व्हिसा मालकाच्या हातात आहे). ताई, बीफ नको हे फक्त वाग्यूपुरतं सांगू नका. वाग्यू म्हणजे बीफ हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण फ्रेंच सॉसचा पाया बऱ्याचदा वासराच्या हाडांचा अर्क असतो आणि तो चिकन, बदक कशाखालीही असू शकतो, कार्डावर लिहिलेला नसतो. लेकीला आधीच मेल करायला सांगा, आयत्या वेळी आम्ही सॉस बदलू शकत नाही, तो आदल्या दिवसापासून आटत असतो.

आणि हे फ्यूजन काही कालपरवाचं नाही. ओसाकात त्सुजी शिझुओने १९६० साली स्वयंपाकाची शाळा काढली, मोठमोठे फ्रेंच शेफ तिथे येऊन गेले, कायसेकी, म्हणजे थोडं थोडं करत अनेक कोर्समध्ये वाढायचं पारंपरिक जपानी जेवण, बघून गेले. मोठ्या प्लेटमध्ये मधोमध एवढंसं वाढायचं यात जपानचा हात बराच आहे. तुमच्या मिस्टरांना सांगा, शिव्या दोन्ही देशांना वाटून द्या.

नाकामेगुरो_नाका

टोकियोत लेफरवेसाँस नावाच्या फ्रेंच हॉटेलात गेले होते मी आईबरोबर. तिथे एक कोर्स म्हणजे नुसतं सलगम. अख्खं, चार तास शिजवलेलं, मग लोण्यात परतलेलं, हिरवागार पार्सलीचा सॉस. आई म्हणाली, "चार तास? गॅस किती गेला असेल!" पण सुरी लावली तर आत पाणीच पाणी, गोड. ती अजून मुळ्याची भाजी करताना त्या सलगमची आठवण काढते. जपानात टिप ठेवू नका, घेत नाहीत, सर्व्हिस चार्ज बिलातच लावतात.

(धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार, परवा जाऊन आलो. वासराचा मेल लेकीने केला होता, आमचा सॉस वेगळा होता, सिंकसमोरवाल्या दादांना खास थँक्यू. आठव्या कोर्सला मी पोटावर हात ठेवला. नवरा चौथ्यापर्यंत मोजत होता, मग मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) घातलेलं लोणी आलं पावाबरोबर आणि मोजणं थांबलं, वाटी पुसून खाल्ली आणि चक्क दुसरी मागितली, तीही खुणांनी. आता म्हणतो थालीपिठावर घालून बघू. पुण्यात पांढरा मिसो कुठे मिळतो, कोणाला माहीत आहे का?