चौघांच्या संघात एक जण संथ असेल तर 24 तासांच्या माउंटन बाईक शर्यतीची आखणी कशी करावी?

खानापूरचा सायकलस्वार

नमस्कार. खानापूर आणि बेळगाव येथील आम्ही चौघे मित्र येत्या हिवाळ्यात 24 तासांच्या एका सांघिक माउंटन बाईक शर्यतीत उतरणार आहोत. फेरी सुमारे 12 किलोमीटरची असून ती बहुतेक मुरुमाच्या पायवाटेने जाते. एका वेळी संघातील एकच जण वाटेवर असतो आणि तो परतला की पुढचा निघतो. दुपारी 12 वाजता सुरुवात होते व दुसऱ्या दिवशी दुपारी 12 पर्यंत ज्यांच्या फेऱ्या अधिक भरतील तो संघ पहिला येतो. गेले तीन महिने आम्ही दर रविवारी जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत जाऊन येत आहोत आणि आठवड्यातून एकदा राजहंसगडाचा चढ चढत आहोत. तशाच वाटेवर घड्याळ लावून पाहिले तेव्हा चौघांना अनुक्रमे 45, 47, 50 आणि 60 मिनिटे लागली. साठ मिनिटे लागलेला मी आहे. नियमांप्रमाणे चौघांच्या गटात तिघांनाही उतरता येते, त्यामुळे मी बाजूला होणे संघाच्या हिताचे ठरेल का, हा माझा पहिला प्रश्न आहे. मित्र तसे म्हणत नाहीत, परंतु परवा चहा पिताना एकाने तिघांचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही. रात्रीच्या फेऱ्या कशा वाटून घ्याव्यात, हा दुसरा प्रश्न.

टिळकवाडीचे काका

आपण आकडे दिलेच आहेत, तर हिशेब पुरताच करून पाहू. चौघांची एकेक फेरी मिळून 202 मिनिटे होतात. 24 तासांत 1440 मिनिटे असतात, म्हणजे या गतीने साधारण साडेअठ्ठावीस फेऱ्या निघतात. आपल्याला वगळले तर तिघांचे एक आवर्तन 142 मिनिटांचे होते आणि कागदावर तीसहून थोड्या अधिक फेऱ्या दिसतात. आपल्या मित्राने बहुधा येथेच हिशेब थांबवला असावा. या तीस फेऱ्यांत प्रत्येकाच्या वाट्याला दहा फेऱ्या, म्हणजे 120 किलोमीटर खडकाळ वाट येते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम दीड तास मिळतो. त्या दीड तासात कपडे बदलायचे, खायचे, सायकल पुसायची आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे, म्हणजे झोप जवळजवळ नाहीच. थकव्यामुळे तिघांची फेरी सरासरी साडेतीन मिनिटांनी जरी लांबली, तरी त्यांच्या फेऱ्या चौघांपेक्षा कमी भरतात. रात्री दोननंतर साडेतीन मिनिटे फार किरकोळ ठरतात. मी स्वतः पहाटेच्या फेरीत पंधरा मिनिटांनी मागे पडलो आहे आणि त्या वेळी मी संघातील सर्वांत वेगवान गडी समजला जात होतो. चौघे असले तर प्रत्येकाला अडीच तासांच्या आसपास विश्रांती मिळते, म्हणजे तिघांचा वेग टिकवून धरणारे माणूस आपणच आहात. थकवा चौघांनाही येणारच. तरी जो मुळातच दमाने चालवतो त्याची पहाटेची फेरी संध्याकाळच्या फेरीच्या जवळपास राहते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

क्रम लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 24 तासांच्या या शर्यतींचा प्रघात 1992 मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पडला, तेव्हापासून अनेक ठिकाणी सुरुवातीला स्पर्धकांना काही अंतर पळत जाऊन सायकल उचलावी लागते. आपल्याकडील नियम तसा असेल, तर पहिल्या फेरीसाठी पळण्यात तरबेज असलेला माणूस निवडा, मग तो सायकलवर दुसऱ्या क्रमांकाचा असला तरी चालेल. रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत प्रत्येकाने सलग दोन फेऱ्या माराव्यात, असे माझे मत आहे. त्यामुळे बाकीच्यांना सलग सुमारे पाच तास मिळतात आणि त्यातील तीन तास तरी झोप लागते. दुसरी फेरी थोडी मंदावते, हे खरे. परंतु एकेका फेरीच्या पद्धतीत माणूस दर वेळी अर्धवट झोपेतून उठतो, आणि तसा माणूस उतारावर सायकलवरून लवकर पडतो.

कोल्हापूरचा स्वार

काकांच्या हिशेबाशी सहमत आहे, तरी एक वेगळी सूचना करतो. आपले सूर इतके जुळले असतील तर दोघादोघांच्या जोडीने उतरण्याचाही विचार करावा. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली होती. ती डांबरी रस्त्याची शर्यत होती, पण पाळीने चालवण्याचे गणित हेच. दक्षिण आफ्रिकेतील केप एपिकचा प्रकार मात्र निराळा आहे. 2004 पासून होणाऱ्या त्या आठ दिवसांच्या माउंटन बाईक शर्यतीत जोडीतील दोघांना एकत्रच चालवावे लागते आणि परस्परांत दोन मिनिटांहून अधिक अंतर पडू द्यायचे नसते. तेथे संथ सोबत्याचा वेग हाच जोडीचा वेग असतो. तुमच्या शर्यतीत तसे नाही, म्हणून तुम्ही स्वतःला दोष देऊ नये.

शहापूरची ताई

माझ्या धाकट्या भावाच्या संघाची व्यवस्था मी दोन वेळा पाहिली आहे, म्हणून तंबूतील बाजू सांगते. वेगापेक्षा जास्त मिनिटे बदलीच्या जागी जातात. एकदा पहाटे तीनच्या सुमारास भाऊ चिखलाने माखून आत आला, त्याने पुढच्या गड्याकडे सोपवायची मनगटावरची पट्टी काढून हात पुढे केला, आणि पुढचा गडी तेथे नव्हता. तो तंबूत एक बूट घालून दुसरा शोधत बसला होता, कारण झोपताना कोणीतरी त्यावर ओला टॉवेल टाकला होता. सहा मिनिटे तेथेच गेली. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की जाणाऱ्याला अंदाजित वेळेच्या चाळीस मिनिटे आधी उठवायचे आणि पंधरा मिनिटे आधी हेल्मेट घालूनच बदलीच्या रांगेत उभे करायचे. उठवण्याचे काम सायकल न चालवणाऱ्या माणसाकडे द्यावे, थकलेल्या माणसावर सोडू नये.

खाण्याच्या बाबतीत बाजारातील गोड जेलवर भिस्त ठेवू नका. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर गोड तोंडात नकोसे होते. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, मऊ दहीभात, नाचणीची आंबील आणि शेंगदाण्याबरोबर मूठभर चिरमुरे सहज खाल्ले जातात. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यातच घाला. कमी पाण्यात घातल्यास पोट बिघडते. कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, मात्र शर्यत संपल्यावर. आमच्या येथील एकाने मध्यरात्री तो खाल्ला आणि त्याची पुढची फेरी कशी गेली ते येथे लिहिण्याजोगे नाही.

वडगावचा मेकॅनिक

मी सायकल दुरुस्त करतो, म्हणून एवढेच सांगतो. आपल्याकडच्या जांभ्या मुरुमाची लाल धूळ चेनमध्ये शिरली की सँडपेपरसारखी घासते. दर दोन फेऱ्यांनी चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे मोजके थेंब टाका, तेल ओतू नका. पाऊस किंवा दव पडून चिखल झाला तर एका रात्रीत ब्रेक पॅड संपतात. लिव्हर दाबल्यावर करकर आवाज येऊ लागला तर पॅड गेलेच समजा, त्यामुळे प्रत्येक सायकलसाठी एक जादा जोड आणि आपल्याच मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा, जवळ ठेवा. हँगर एकमेकांच्या सायकलला बसत नाहीत, हे लोक शर्यतीच्या जागी गेल्यावर शिकतात. ट्यूबलेस टायरमधील सीलंट, म्हणजे भोक बुजवणारे द्रव, दोन-तीन महिन्यांत सुकू लागते, तेव्हा आधीच्या आठवड्यात नवे घाला. रात्री एक दिवा हँडलवर आणि एक हेल्मेटवर हवाच. हँडलवरचा समोर पाहतो. वळणावर मात्र हेल्मेटवरचाच कामाला येतो.

टिळकवाडीचे काका

रात्रीच्या सरावाबद्दल राहून गेले. कणकुंबीच्या बाजूला अंधारात जाऊ नका. भीमगड अभयारण्य लागूनच आहे, रस्त्यावर गवे येतात आणि अस्वलांचाही त्या भागात वावर आहे. रानात शिरण्यास वन खात्याची परवानगीही लागते. येळ्ळूरच्या शिवारातील गाडीवाटा रात्रीच्या सरावास पुरेशा आहेत, फक्त शेतकऱ्यांना आधी सांगून जा, नाहीतर मोटर चोरायला आले असे समजून लोक काठ्या घेऊन धावतात.

खानापूरचा सायकलस्वार

काका, ताई, सर्वांचे आभार. काल तिघांना हा सगळा हिशेब वाचून दाखवला. ज्याने तिघांचे गणित मांडले होते त्याने स्वतःच मला पहाटे तीन ते पाचची जोडफेरी दिली आहे, आणि उठवण्याची जबाबदारी माझ्या वहिनीने घेतली आहे. येत्या शनिवारी रात्री येळ्ळूरला पहिला सराव आहे. दोन दिवे मागवले आहेत, पण हेल्मेटवर दिवा बसवण्याचा पट्टा कोठे मिळेल ते वडगावच्या दादांनी कृपया कळवावे.