मदत हवी आहे: एक्झॉन २ काढलेल्या उंदराच्या मेंदूत १३६ किलोडाल्टनला बँड दिसतोय, हा एनएनओएस-बीटाच का?

नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी उंदराच्या मेंदूतलं न्यूरोनल नायट्रिक ऑक्साइड सिंथेज (एनएनओएस, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम; पूर्ण लांबीचा प्रकार अल्फा, आखूड प्रकार बीटा) बघतेय आणि दोन आठवडे एकाच बँडपाशी अडकलेय.

नॉकआउट उंदीर १९९३ मध्ये हुआंग, फिशमन वगैरेंनी केलेल्या जातीचे, म्हणजे या जनुकाचा एक्झॉन २ (प्रथिनाचा संकेत असलेला एक तुकडा) काढलेले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) साध्या उंदराच्या लेनला १६० किलोडाल्टनवर जाड काळा बँड येतो. नॉकआउटमध्ये ती जागा स्वच्छ. पण स्ट्रायटमच्या लेनमध्ये १३६ च्या आसपास बारीक रेघ उमटते, एक्सपोजर वाढवलं की ठळक होते. सेरेबेलमच्या लेनमध्ये काहीच नाही. अँटिबॉडी सी-टोकाची आहे.

माझी समजूत अशी: पीडीझेड, म्हणजे इतर प्रथिनांना चिकटणारा भाग, एक्झॉन २ मधून येतो. त्याच्या जोरावर अल्फा पीएसडी-९५ या सिनॅप्समधल्या प्रथिनाला धरून एनएमडीए रिसेप्टरशेजारी बसतो, त्यामुळे कॅल्शियम आत शिरलं की कॅल्मोड्युलिनमार्फत लगेच चालू होतो. बीटाला पीडीझेड नाही, तो सायटोसोलमध्ये मोकळा असतो, पण नायट्रिक ऑक्साइड बनवणारा भाग शाबूत. मग 'एनएनओएस नसलेला मेंदू' असं प्रबंधात लिहायचं तरी कसं? लॅबमधला सहकारी म्हणतो, कॅल्पेनने (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) तोडलेला अल्फाचा तुकडा असेल. कसं ठरवू?

---

तुकडा अल्फाचा असायला आधी अल्फा हवा ना! नॉकआउटमध्ये तो नाहीच. ती शंका साध्या उंदराच्या लेनपुरती खरी.

तरी नुसत्या वजनावर विसंबू नका. तोच नमुना एन-टोकाच्या अँटिबॉडीने लावा, बीटा असेल तर रेघ येणार नाही. शेजारी फक्त सेकंडरी अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला ओळखणारी) लावलेली पट्टी ठेवा. मग आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवणं) करा: बीटाच्या आरएनएमध्ये एक्झॉन १ए थेट ३ ला जोडलेला असतो, म्हणून फॉरवर्ड प्रायमर १ए वर, रिव्हर्स ३ वर. मिळालेला तुकडा सिक्वेन्स करून घ्याच. एक्झॉन ६ काढलेल्या उंदराचा मेंदू कुणाकडून मिळाला तर कोरी लेन म्हणून त्याहून चांगलं काही नाही.

आणि डायफोरेजने (एनओएस असलेल्या पेशी निळ्या रंगवायची पद्धत) सेक्शन निळे झाले म्हणून निष्कर्ष काढू नका, तो रंग इतर एनओएसही देतात.

---

मनापासून आभार! अल्फाच नाही तर तुकडा कुठून, हे डोक्यातच आलं नव्हतं. स्ट्रायटमचा आरएनए उणे ८० ला ठेवलेला आहे. प्रायमर आजच मागवते, जेल झाली की फोटो इथेच टाकते.