नेच्याचं पान की करवतीची रेघ: खरा जीवाश्म कोणता?

रिवणकार८१: घरात दोन दगड आहेत आणि दोन्हींवरून वाद. एक बाबांचा. ते गोव्यात रिवणला मँगनीजच्या खाणीवर होते, तिथला. फिकट दगडावर काळी नेच्याची पानं, इतकी रेखीव की मुलाने वर्गात जीवाश्म म्हणून मिरवलीसुद्धा. दुसरा मावसभावाने इंग्लंडातल्या स्विंडनहून आणला. तिथून तो वेल्सला फिरायला गेला होता, अबेरेडीच्या किनाऱ्यावर हा पाटीसारखा काळा तुकडा सुटा पडलेला. त्यावर बोटाच्या पेराएवढी बेचकी, जणू कुणी शिसपेन्सिलीने ओढलीय. तो म्हणतो, हा प्राणी आहे! मुलाने चकाकी यावी म्हणून त्याला खोबरेलही चोळलंय.

चिरेबंदी: बाबांच्या दगडाचं आधी सांगतो, रागावू नका. तो नेचा नाही, डेंड्राइट. भेगेत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज फांद्या फुटल्यासारखं पसरत जातं. पानाला असते तशी मधली शीर सापडते का बघा. शिवाय आपला बहुतेक कातळ प्राणी-झाडं यायच्या आधीचा. चंद्रनाथाच्या डोंगराचा ग्रॅनाइटच २०० कोटी वर्षांहून जुना.

बेचकी मात्र अस्सल. ग्रॅप्टोलाइट, वय सुमारे ४६ कोटी वर्षं. अबेरेडी या बेचक्यांसाठीच नावाजलेलं. दगड उन्हात तिरका धरा आणि भिंगातून आतली कड बघा, करवतीसारखे दाते दिसतील. एकेक दाता म्हणजे एकेका जीवाची खोली. समुद्रात तरंगणारी चाळच म्हणा.

गंमत म्हणजे प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७३५ मध्ये 'ग्रॅप्टोलिथस' हे नाव वापरलं ते जीवाश्मासारख्या दिसणाऱ्या निर्जीव नक्ष्यांसाठी. म्हणजे नाव मुळात तुमच्या बाबांच्या दगडाचं!

म्हापशेकार: आमच्याकडेही असला 'नेचा' आहे, शोकेसमध्ये गणपतीच्या बाजूला. आता आईला कोण सांगणार?

रिवणकार८१: आणि खोबरेल?

चिरेबंदी: साबण लावू नका, घासू तर मुळीच नका. टिपकागदावर पालथा ठेवा. अशा काळ्या दगडात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, असू शकतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याची पिवळट भुकटी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

रिवणकार८१: बाबांच्या दगडात शीर नाही. बेचकीच्या डाव्या फांदीवर २३ दाते मोजले. उजवीवर अजून तेलच आहे.