अर्ज कुणाच्या नावाने?

लोक म्हणतात की शेतीच्या यंत्रांवर महिलांना जादा अनुदान असूनही त्या अर्जच करत नाहीत. जादा आहे हे खरं. सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, बाकीच्यांना ४०. पण त्यासाठी ७/१२ लागतो, आणि तिथे नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे जमीन कसणाऱ्यांत, महिला जेमतेम १४ टक्के. आता आलेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरूनच निघतो. आणि अनुदानासाठी बाईच्या नावावर घेतलेल्या ट्रॅक्टरची किल्ली कुणाच्या खिशात असते, ते काय सांगायचं!

महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देणाऱ्या ‘ड्रोन दीदी’ योजनेचं मला फारसं कौतुक नाही. ८० टक्के मदत, कमाल ८ लाख, पण उद्दिष्ट अख्ख्या देशात १५ हजार गटांचं. त्यापेक्षा खुरपणीचं बघा. दिवसभर बसून खुरपणाऱ्या बाईला उभ्याने ढकलता येईल असं सायकल कोळपं ड्रोनच्या मानाने किरकोळ किमतीत येतं. फक्त त्याची मूठ तिच्या उंचीला बसते का, हे दुकानात कुणी विचारत नाही. उलट पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं इंजिनवरचं यंत्र, आला की चालवायला गडी, आणि मजुरी बुडते ती बाईची. निदान अवजारं भाड्याने देताना तरी ७/१२ न मागता बचत गटाच्या ठरावावर द्यावीत.