मदत हवी आहे: गॅस पाइपलाइनच्या तपासणीचा क्रम लावताना 'नोंद नाही' याला किती गुण द्यावेत?

नमस्कार मंडळी,

गॅस पाइपलाइन चालवणाऱ्या कंपन्यांची सुरक्षा तपासणी करणाऱ्या विभागात मी अलीकडेच रुजू झालोय. तपासनीस मोजके, कंपन्या भरपूर. त्यामुळे आधी कुठे जायचं याची यादी दरवर्षी करावी लागते. यंदा ती माझ्याकडे आलीय आणि एका जागी मी पार अडकलोय.

पद्धत नेहमीचीच. बिघाड होण्याची शक्यता आणि झालाच तर होणारं नुकसान, दोन्हींना गुण देऊन गुणाकार. शक्यतेत पाइप कशाचा, किती जुना, कोटिंग कसं, गळत्या किती, आसपास खोदकाम किती, मागच्या त्रुटी दुरुस्त केल्या का. नुकसानीत दाब, व्यास आणि लगतची वस्ती.

घोळ आहे रिकाम्या रकान्यांचा. एका कंपनीच्या जुन्या लाइनच्या वेल्डच्या आणि दाब चाचणीच्या नोंदीच नाहीत. शीटमध्ये रिकामा रकाना म्हणजे शून्य, म्हणून ती लाइन यादीत तळाला गेली. दुसरी कंपनी बारीकसारीक गळतीसुद्धा इमानेइतबारे कळवते, ती वर आली. यादी पाहून पोटात गोळा आला.

मग तळाच्या कंपनीचं कॅथोडिक प्रोटेक्शनचं (पाइप गंजू नये म्हणून त्याला दिलेल्या विजेच्या संरक्षणाचं) रजिस्टर काढलं. प्रत्येक टेस्ट पोस्टसमोर (जिथे मीटर लावून हे रीडिंग घेतात तो खांब), महिना कोणताही असो, उणे ०.९२ व्होल्ट. पानामागून पान तेच, शाईही तीच. उणे ०.८५ चा निकष पूर्ण होतो, म्हणून शीट त्याला कमी धोक्याचे गुण देते. पण जमिनीतला ओलावा बदलला की रीडिंग थोडं तरी हलायला हवं ना?

कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोची दुर्घटना डोक्यातून जात नाही. ९ सप्टेंबर २०१० ला १९५६ साली टाकलेली लाइन फुटली, ८ माणसं गेली, गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली. कागदावर तो पाइप बिनजोडाचा होता. प्रत्यक्षात त्यात लांबीच्या दिशेने शिवण होती आणि तिचं वेल्डिंग सदोष होतं. तिथे निदान नोंद होती, चुकीची का होईना. माझ्याकडे तीही नाही.

तर रिकाम्या रकान्याचं काय करावं? आणि प्रामाणिकपणे गळत्या कळवणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं होऊ नये म्हणून काय करता येईल? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

रिकाम्याला शून्य कधीही देऊ नका. त्या काळच्या, त्या प्रकारच्या पाइपची सगळ्यात वाईट अवस्था गृहीत धरा. कंपनीने पुरावा आणला की गुण कमी करा. पुरावा द्यायची जबाबदारी त्यांची.

गळत्यांचा नुसता आकडा घेऊ नका. दर किलोमीटरमागे किती, त्यातल्या धोकादायक किती, दुरुस्तीला किती दिवस लागले, आणि मुख्य म्हणजे ती सापडली कशी? कंपनीच्या स्वतःच्या सर्वेक्षणात की वास आला म्हणून कुणी फोन केल्यावर? या एका प्रश्नाने माझी यादी पुष्कळ बदलली होती.

चालू कामांसाठी वेगळा रकाना ठेवा. १३ सप्टेंबर २०१८ ला मॅसॅच्युसेट्समध्ये लॉरेन्स आणि अँडोव्हर भागात गॅसचे स्फोट होऊन आगी लागल्या, त्या जुना बिडाचा पाइप बदलताना. दाब मोजणाऱ्या नळ्या बंद केलेल्या जुन्या पाइपलाच जोडलेल्या राहिल्या. तिथला दाब उतरला तसे रेग्युलेटर उघडले आणि कमी दाबाच्या जाळ्यात जास्त दाबाचा गॅस घुसला. अशी कामं वर्षाच्या सुरुवातीला केलेल्या यादीत दिसतच नाहीत.

कोणत्या गुणाला किती वजन हे कसं ठरवलं तेही लिहून ठेवा. अमेरिकेच्या केंद्रीय पाइपलाइन सुरक्षा खात्यावर तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये हाच ठपका ठेवला होता: क्रम लावायचं मॉडेल आहे, पण वजनं कशी ठरवली याची नोंद नाही. आणि गुण कितीही कमी असोत, ठरावीक वर्षांत प्रत्येकाकडे एकदा जायचंच.

धागाकर्ता

मनापासून आभार. रिकाम्या रकान्यांना सगळ्यात जास्त गुण देऊन शीट पुन्हा चालवली. ती लाइन तळातून तिसऱ्या क्रमांकावर आली. पहिल्याच महिन्यात तिथे तपासनीस पाठवतोय, टेस्ट पोस्टवर आपल्याच मीटरने रीडिंग घ्यायला सांगितलंय. एकच राहिलं: खड्डा खणून पाइप उघडा करून पाहायचा झाला तर जागा तुम्ही ठरवता की कंपनीला ठरवू देता?