मदत हवी आहे: शेवटच्या ९०° ला एक हेड बोल्ट हलका फिरतोय

चार सिलिंडरचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण), दोन्हींच्या मध्ये स्टीलच्या थरांचं नवं गॅस्केट. दहाही बोल्ट नवे, एकदाच वापरायचे. या इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणे मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने आधी ४० न्यूटन मीटर जोराने आवळायचं, मग ९०° फिरवायचं, मग पुन्हा ९०°. आटे आणि बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा हलका हात दिलाय. बोल्टची भोकं बंद तळाची आहेत, म्हणून हवा मारून कोरडी केली. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावरच दाबतो, पाना आकडा दाखवतो पण हेड आवळलं जात नाही, कधी ब्लॉकही तडकतो.

नऊ बोल्ट शेवटच्या ९०° ला सारखेच जड लागले. सातवा मात्र साधारण ५० अंशांनंतर हलका झाला, तिथेच थांबलोय. बोल्ट ताणला जाताना जोर वाढायचा थांबतो हे ठीक, पण इथे तो चक्क कमी झाला.

ब्लॉकचे आटे सुटत असतील की बोल्टच मान टाकतोय? तो एकटाच काढून बघावा, की सगळे उलट्या क्रमाने टप्प्याटप्प्याने सोडावेत? हेड उचललं तर गॅस्केट बाद, हे धरूनच चाललोय. आटे गेलेच असतील तर हेड बोल्टसाठी हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेच्या गुंडाळीची नवी आटी) पुरेल की जाड भिंतीची, आटे असलेली स्लीव्हच (नळी) हवी?